एकसष्ट मसुदे

धाकटी दातांच्या कवळ्या बनवायची. शहरातले तीन दंतवैद्य तिच्याकडे तोंडाचे साचे पाठवायचे. ती मेणात एकेक दात बसवून, घासून, चकाकी आणून कवळी परत द्यायची. ज्यांच्या तोंडात आपलं काम जातं ती माणसं तिला कधीच दिसायची नाहीत, पण नुसत्या जबड्यावरून तिला पुष्कळ कळायचं. कोण झोपेत दात खातं, कोण एकाच बाजूनं चावतं, कोणी वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलंय. हे सगळं कोणाला तरी सांगावंसं वाटे. अकरा वर्षांपूर्वी पाय मोडून सहा आठवडे घरात अडकून पडली, तेव्हा तिनं ब्लॉग सुरू केला. नाव दिलं 'कडेकडेनं'.

ती सत्तेचाळिशीला आली होती, तरी घरीदारी तिला सगळे धाकटीच म्हणत. ते नाव ताईनं दिलेलं. ताई नऊ वर्षांनी मोठी. शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होती आणि आईच्या आजारपणात निवृत्तीच्या वयाआधीच घरी बसली. 'कडेकडेनं'च्या वाचकांमध्ये ताईचा नंबर पहिला. नवा लेख आला की एकशे बेचाळीस जणांना मेल जायची आणि त्यातल्या एकीचा तासाभरात फोन यायचा, "तिसऱ्या परिच्छेदात वेलांटी चुकलीय तुझी." लेख आवडला की नाही ते ताई कधी सांगायची नाही. वेलांटी सांगितली म्हणजे शेवटपर्यंत वाचलंय, एवढं धाकटी समजून घ्यायची.

अकरा वर्षांत ब्लॉगचं रूपडं पार जुनाट झालं होतं. तपकिरी पार्श्वभूमी, डावीकडे विषयांची भली मोठी यादी, वर दौतीचं चित्र. नेहमीच्या वाचकांत एक निवृत्त टपालवाले होते. त्यांनी एकदा अदबीनं कळवलं, की मोबाइलवर आपली अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात आणि मुंग्या वाचायचं आता वय राहिलं नाही. धाकटीनं ते मनावर घेतलं. सगळं नव्या जागी हलवायचं आणि नव्यानं मांडायचं असं ठरवून ती कामाला लागली.

सहा आठवडे संध्याकाळी तिला दुसरं काही सुचत नव्हतं. व्हिडिओ पाहून ती एकेक गोष्ट शिकली. अक्षराचा एक वळणदार नमुना तिला फार आवडला, पण त्यात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आपटायचे. दुसऱ्यात जोडाक्षरं फुटायची. तिसरा बसला, मग दोन ओळींमधलं अंतर वाढवता कमी करता चार दिवस गेले. मथळ्यासाठी तिनं दोन निळे रंग काढले आणि नवऱ्याला विचारलं, कुठला घेऊ. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीला जायचा, दिवसभर अंधाऱ्या खाचेत तारा बघून यायचा. त्यानं बराच वेळ निरखून पाहिलं आणि दोन्ही एकच आहेत म्हणाला. ती त्या दिवशी त्याच्याशी जेवेपर्यंत बोलली नाही.

या सगळ्यात ती मसुदे विसरली.

लिहायला घेतलेलं आणि अर्धवट सोडलेलं असं एकसष्ट नगांचं गाठोडं जुन्या ब्लॉगच्या पोटात पडून होतं. बहुतेकांत काही नव्हतं. एकात नुसतं 'खुर्चीचे पाय, याबद्दल काहीतरी'. एकात कोणाच्या तरी घराचा पत्ता. पण त्यातला एक मसुदा पुरा होता. शीर्षक 'ताईची आई'. आई गेल्यावर आठव्या दिवशी, तीन वर्षांपूर्वी, एका बैठकीत लिहिलेला. तो तिनं छापला नव्हता, पण पुसलाही नव्हता. तिथे आहे हे तिला ठाऊक होतं, जसं घरात एखादं कपाट आपण उघडत नाही पण ठाऊक असतं, तसं.

शनिवारी सकाळी तिच्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेला सुट्टी होती. नवरा एका इमारतीची लिफ्ट अडकली म्हणून लवकर बाहेर पडला होता. तिनं जुना ब्लॉग एका फाईलमध्ये बांधून घेतला आणि नव्या जागी उघडायला लावला. यंत्रानं विचारलं, सगळे लेख प्रकाशित म्हणून आणायचे का? चारशे आठ लेख एकेक करून कोण प्रकाशित करत बसणार, म्हणून तिनं चौकटीत खूण केली, बटण दाबलं आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली.

नऊ वाजून वीस मिनिटांनी ओट्यावरचा मोबाइल थरथरायला लागला आणि थांबेचना. आपल्या ब्लॉगच्या मेल आपल्यालाही येतात का हे बघायला तिनं पूर्वीच स्वतःचं नाव यादीत घातलं होतं. एकापाठोपाठ एक मेल येत होत्या. 'खुर्चीचे पाय, याबद्दल काहीतरी' आली तेव्हा तिला हसू आलं. टपालवाले काय म्हणतील, असं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की छापलेले लेख आपापल्या जुन्या तारखांवर गेले, पण मसुदे आजचे म्हणून बाहेर पडले आहेत, आणि त्यात काय आहे तेही लक्षात आलं. तिनं गॅस बंद केला.

ती धावत आत गेली. मेलमध्ये प्रत्येक लेखाच्या पहिल्या दोनच ओळी जात. बाकीचं वाचायला ब्लॉगवर यावं लागे. 'ताईची आई'च्या पहिल्या दोन ओळींत फक्त आईची खोली होती, खिडकी आणि औषधांचा ट्रे. म्हणजे अजून वेळ होता. एक बटण दाबलं की लेख जागेवरून उठला असता आणि मागे कोणाला काही सापडलं नसतं.

तिनं पान उघडलं. खाली एक प्रतिक्रिया आलेली होती. टपालवाल्यांची. त्यांनी लिहिलं होतं, की आपले लेख मी सात वर्षं वाचतो, ते चांगले असतात, पण आज पहिल्यांदा वाचता वाचता मला उठून दाराबाहेर जाऊन उभं राहावं लागलं. माझ्या भावाबद्दल मी हे कधी कोणाला बोललो नाही.

धाकटीनं ते दोनदा वाचलं. मग वर जाऊन स्वतःचंच लिखाण वाचायला लागली.

तीन वर्षांत तिनं ते पाहिलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं, की आई आजारी पडली आणि ताईची झाली. आम्ही भेटायला गेलो की ताई दारात सांगायची, दहा मिनिटं, जास्त नाही. आईला पाणी द्यायला हात पुढे केला तर ताई म्हणायची, तुला नाही जमायचं, ठसका लागेल तिला. ताईनं नोकरी सोडली, बाहेर जाणं सोडलं, आणि हे सगळं सोडताना तिच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं, जे मी तिच्या तोंडावर त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आई दुपारी दोनला गेली, ताईचा हात धरून. ताईनं मला साडेतीनला फोन केला. दीड तास ती आईजवळ एकटी बसून राहिली. मी तिथून दोन थांब्यांवर राहते. आईचा शेवटही तिनं स्वतःसाठी ठेवून घेतला.

चांगलं होतं. हे तिला कबूल करावं लागलं. अकरा वर्षांत तिनं जे काही लिहिलं होतं त्यात हे सगळ्यांत चांगलं होतं. कुठे एक शब्द फालतू नव्हता. वाचून झालं तोवर खाली आणखी तीन प्रतिक्रिया आल्या होत्या. एका परिचारिकेनं लिहिलं होतं, की मी रोज अशा घरांत जाते आणि हे कोणी तरी लिहायला हवं होतं. नेहमीच्या लेखावर आठवड्याभरात चार प्रतिक्रिया आल्या तर ती खूश असायची. लोक दुवा पुढे पाठवत होते. आकडा चढत होता. तिनं पान पुन्हा पुन्हा ताजं करून पाहिलं.

दहाच्या सुमाराला नवऱ्याचा फोन आला. त्यानंही ते पाहिलं होतं. "काढलंस का ते?" त्यानं विचारलं.

"काढते," ती म्हणाली.

आणि तिनं काढलं नाही. नंतर स्वतःला समजावताना तिनं बरीच कारणं काढली. आधी बाकीचे साठ उचलावेत, मग हा. टपालवाल्यांना उत्तर न देताच लेख काढणं बरं नाही. ताई शनिवारी उशिरापर्यंत फिरायला जाते. एकदा तर मनात असंही आलं, की ताईला कधी ना कधी कळायलाच हवं होतं. साठ मसुदे तिनं खरोखरच एकेक करून उचलले. सावकाश. प्रत्येक वेळी परत जाऊन 'ताईची आई'खाली नवं काय आलं ते बघत.

बाराला पाच-सात मिनिटं कमी असताना एक प्रतिक्रिया आली. नाव नव्हतं. लिहिलं होतं, की अशा बाया आजारी माणसाला मरू देत नाहीत आणि जगूही देत नाहीत, तुमच्या ताईला एकदा चारचौघांत सुनवा. धाकटीच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. ताईला कोण कुठला माणूस असं बोलत होता, आणि त्याच्या हातात हे आपण दिलं होतं. तिनं लेख काढला. काढायला दोन सेकंदही लागले नाहीत.

ताईचा फोन आला नाही. एकपर्यंत नाही, दोनपर्यंत नाही. तीनला धाकटी बसनं दोन थांबे जाऊन ताईच्या दारात उभी राहिली.

ताई पडद्याची खालची शिवण उसवत बसली होती. दार उघडून ती पुन्हा खुर्चीत जाऊन बसली आणि कात्रीच्या टोकानं एकेक टाका उचलायला लागली. ये म्हणाली नाही, पण दार उघडंच ठेवलं. धाकटी आत आली. बसमध्ये तिनं सगळं जुळवून ठेवलं होतं, ते एका दमात बोलून टाकलं: नवी जागा, ती चौकट, ती खूण, मसुदे आपोआप बाहेर पडले, मला माहीतच नव्हतं, आई गेली तेव्हा मी भ्रमिष्टासारखी झाले होते आणि त्या भरात काहीबाही खरडलं होतं.

ताईनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते मला कळलं होतं."

"काय?"

"चुकून झालंय ते. फिरून आले, मोबाइल बघितला, एकसष्ट मेल. खुर्चीचे पाय आणि काय काय. म्हटलं, हिचं काहीतरी बिघडलं. माझ्या नावाचं एक दिसलं त्यात. मी उघडलं नाही."

धाकटीला वाटलं आपण सुटलो.

"म्हटलं, तिला निस्तरू दे," ताई पुढे म्हणाली. "तू मला दाखवलं नव्हतंस म्हणजे मी वाचायचं नव्हतं. आंघोळ केली, भाजी चिरली. साडेअकराला ब्लॉगवर बघितलं, तर होतंच. बाकीची निघाली होती, आणि ते होतं." तिनं एक टाका उचलला, दोरा ओढून काढला. "मग मला वाटलं, मी वाचावं म्हणूनच ठेवलं असेल. म्हणून वाचलं."

चुकीबद्दल बोलायचं तिनं ठरवून आणलं होतं. त्या अडीच तासांबद्दल तिच्याकडे काही नव्हतं. खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं, बटण चालत नव्हतं म्हणून सांगावं. पण ताई समोर बसली होती आणि तिच्याकडे पाहत होती.

"लोकांना आवडत होतं," ती शेवटी म्हणाली. "म्हणून राहू दिलं."

ताईनं मान हलवली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. पडदा ताईच्या मांडीवरून जमिनीवर घसरत गेला तरी तिनं तो वर घेतला नाही.

"समाधानाचं लिहिलंस ते खरं आहे," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं कोणाला दिसत असेल. जन्मभर पुस्तकांना शिक्के मारले. पहिल्यांदा कोणाचं माझ्यावाचून अडत होतं." मग जरा थांबून, "दहा मिनिटं म्हणायची तेही खरं. पण आई तेवढ्यानं दमायची, ते तू लिहिलं नाहीस. तू गेलीस की ती चार तास झोपायची."

"ताई, मी..."

"आणि दोनचं खोटं आहे."

धाकटीला आधी समजलंच नाही.

"दोनला गेली, माझा हात धरून, ते मी सांगितलं सगळ्यांना. तसं नाही झालं. मी जेवून खुर्चीत बसले आणि मला झोप लागली. आदल्या दोन दिवसांत लागली नव्हती. जाग आली तेव्हा सव्वातीन झाले होते. शेजारचे डॉक्टर आले, हात लावून म्हणाले, होऊन तास-सव्वा तास झाला असेल. मग तुला फोन केला." ताईचा आवाज बदलला नव्हता. ग्रंथालयात कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते सांगायची, त्याच आवाजात ती सांगत होती. "तीन वर्षं तिच्या उशाशी बसले आणि नेमकी तेव्हा घोरत होते. तिनं हाक मारली असेल तर मला माहीत नाही. हे कोणाला सांगणार? म्हणून हात धरलेला सांगितला. तू म्हणतेस ना, शेवट मी स्वतःसाठी ठेवून घेतला. माझ्याकडे तो नाहीये, धाकटे. मी काय ठेवून घेणार."

धाकटी उठून तिच्याजवळ गेली आणि जमिनीवर बसली. तिनं ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला. ताईनं तो झटकला नाही, पण आपला हातही त्यावर ठेवला नाही. दोघींपैकी कोणी रडलं नाही. धाकटीनं विचारलं, पुसून टाकू का ते, फाईल आहे माझ्याकडे, तीही पुसते. ताई म्हणाली, तुझं तू बघ, मी वाचलंय ते आता कुठून पुसणार.

निघताना ताई दारापर्यंत आली. "आत्ता सांगितलं ते लिहू नकोस," ती म्हणाली.

"वेडी आहेस का," धाकटी म्हणाली.

पण बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला कळलं, की 'माझ्याकडे तो नाहीये' हे वाक्य ती मनातल्या मनात घोळवते आहे आणि ते कुठे ठेवलं तर जास्त लागेल हे पाहते आहे. तिला स्वतःची इतकी शिसारी आली की ती एक थांबा आधीच उतरली आणि चालत घरी गेली.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं तिला काही विचारलं नाही. तिनंच सांगितलं, ताईनं दोनबद्दल सांगितलं तेवढं सोडून. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी दहालाच सांगितलं होतं." मग तिचा चेहरा पाहून ताटं घ्यायला उठला.

फाईल तिनं आठवडाभरानं पुसली. लगेच का नाही पुसली हे तिनं स्वतःला विचारलं नाही. टपालवाल्यांनी खाजगी मेल पाठवून लेख कुठे गेला म्हणून विचारलं. तिनं चुकून छापला गेला होता एवढंच कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की समजलं, माझ्या भावाला मी काल फोन केला, एवढं आपल्याला सांगायचं होतं. ती मेल वाचून तिला आनंद व्हावा की काय व्हावं ते कळेना. कोणाचा तरी भाऊ जोडला गेला होता, आणि त्याची किंमत ताईनं मोजली होती, तिला कोणी न विचारता.

नव्या ब्लॉगबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. अक्षरं सुबक दिसत होती, उकार कुठे आपटत नव्हते, निळा रंग नेमका बसला होता. दोन महिने ती त्यावर काही लिहू शकली नाही. मग एका जबड्याबद्दल लिहिलं, ज्याच्या मालकानं पहिली कवळी हरवून दुसरी करायला दिली होती आणि दोन साच्यांमधल्या सहा वर्षांत त्याची हिरडी कशी झिजली होती त्याबद्दल. बेतशीर लेख होता. एकशे एक्केचाळीस जणांना मेल गेली. एक नाव यादीतून स्वतःहून गेलं होतं, आणि कुठलं ते बघायची गरज नव्हती. त्या लेखातल्या वेलांट्या तिनं तीनदा तपासल्या.

भांडण असं झालं नाही. दर गुरुवारी काम संपलं की धाकटी ताईकडे जाते, पूर्वी जायची तशीच. ताई चहा करते, दोघी खिडकीशी बसतात. ताई पूर्वीही फार बोलायची नाही, पण जे बोलायची ते सरळ बोलायची. आता बोलता बोलता तिला मध्येच काहीतरी आठवतं आणि ती धाकटीकडे एक नजर टाकते.

परवाच्या गुरुवारी खालच्या मजल्यावरच्या बाईंचं सांगत होती. त्यांची सून घर सोडून गेली होती आणि जाताना सासूचा चष्मा घेऊन गेली होती. चष्माच का, म्हणून सगळ्या इमारतीत चर्चा. ताईला ते कारण कळलं होतं, आणि ती खुलून सांगत होती. धाकटीही पुढे झुकून ऐकत होती. तेवढ्यात ताई थांबली.

"हे लिहिणार नाहीस ना?"

"नाही गं."

ताईनं मान डोलावली. पण पुढे ती पाण्याच्या वेळेबद्दल बोलायला लागली, मग जिना धुणाऱ्या बाईबद्दल. सून चष्मा का घेऊन गेली ते धाकटीला अजून कळलेलं नाही.